डाव्या हाताची रायफल

१७ मे

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच बराच वेळ गेला. शेवटी ती जागा मोकळी सोडली.

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि मुंगी आतल्या खोलीत रेडिओ मोठा करते. लिहिताना मला मधेच तोडणारं कोणी नसतं, एवढाच फायदा.

काम तुझ्या मित्राकडे आहे. मिस्त्रीकडे. एप्रिलच्या सुरुवातीला क्लबच्या जिन्यात मुंगीच्या हातून रायफल निसटली. दस्ता जिथे हातात धरतात तिथेच चीर गेली आणि चाप अडकायला लागला. पोर रडली नाही. रायफल छातीशी धरून तशीच पायरीवर बसून राहिली. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी मिस्त्रीकडे गेलो. त्याने चिरेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "आठवड्याने या." आता मे अर्धा संपला. दर खेपेला तो तेच म्हणतो, फक्त तोंड दुसरीकडे करून.

दुसऱ्या कुणाकडे न्यायची सोय नाही, हे तुला मी सांगायला नको. ती तुझ्या डाव्या खांद्यासाठी त्यानेच घडवलेली. तुझा डावखुरेपणा पोरीने उचलला आणि तू जाताना रायफल तिला देऊन गेलास, तेव्हा वाटलं होतं की एक तरी गोष्ट सरळ झाली. क्लबात बाकी सगळ्या उजव्या हाताच्या. त्यातली एक घेऊन ती सराव करते. कोचबाई म्हणतात, उलट्या चपला घालून पळल्यासारखं आहे.

निवड चाचणी जुलैच्या मध्यावर आहे. फेब्रुवारीत तू आलास तेव्हा स्टेशनच्या उपाहारगृहात तिघांनी बसून काय ठरवलं ते तुझ्या लक्षात असेलच. संघात निवड झाली, तर एक वर्ष ती इथे राहून नेमबाजी करणार. नाही झाली, तर तुझ्याकडे येऊन कॉलेजात नाव घालणार. तू हात पुढे केलास, तिने केला, आणि दोघं माझ्याकडे बघत राहिलात म्हणून मीही केला. मला तो सौदा तेव्हाही आवडला नव्हता. पण शब्द दिला तो दिला.

तेव्हा एवढंच कर. तुझ्या मित्राला एक फोन कर आणि हात चालव म्हणून सांग. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल.


९ जून

तुझं उत्तर मिळालं. "त्याच्याशी बोललो आहे. त्याचं काम सावकाश पण पक्कं असतं. धीर धर." तीन वाक्यं. तू कंपनीत हाताखालच्या माणसांना अशीच पत्रं पाठवत असशील.

धीर धरून मी त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसते. मी कामाला आहे ते चष्म्याचं दुकान दुपारी बंद असतं तेवढ्या वेळात जाते. बाकडं भिंतीला टेकलेलं आहे, कारण त्याचा एक पाय तुटलाय. दुरुस्तीच्या दुकानातलं बाकडं, आणि तेच दुरुस्त नाही. समोर काउंटर, त्यावर तेलाचे डाग पडलेला हिरवा कपडा, मागे पडदा आणि पडद्याआड त्याची कामाची खोली. आत कानस घासल्याचा आवाज येतो. आवाज थांबला की आम्ही सगळे माना वर करतो. तो बाहेर येतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि परत आत जातो.

आम्ही म्हणजे त्याची गिऱ्हाइकं. आता आमची ओळख झालीये. दवाखान्यात रोजचे रुग्ण एकमेकांची दुखणी विचारतात तसं आमचं चालतं. एक आजी आहेत, भाजीचा मळा आहे त्यांचा. रानडुकरं हाकलायला त्यांच्याकडे एकनळी बंदूक आहे. त्या म्हणाल्या, "भोपळ्याला फूल आलं तेव्हा दिली होती बाई. आता भोपळे डुकरांच्या पोटात गेले. बंदूक मिळाली की डुकरांना नुसती दाखवीन म्हणते, तुमच्यासाठी आणली होती म्हणून."

एक नाटकवाले गृहस्थ येतात. त्यांच्या नाटकात शेवटच्या अंकात पिस्तूल झाडतात. पिस्तूल खोटंच, पण त्याचा खटका मोडला म्हणून इथे दिलं. ते आलं नाही तेव्हा एका प्रयोगात खलनायकाला सुरीने मारला, दुसऱ्यात जिन्यावरून ढकलला. "आता तर प्रयोगच बंद पडले," ते म्हणाले. "तरी मी येतो. घरी बसून तरी काय करू?"

आणि एक बँकेचा रखवालदार. त्याची दुनळी इथे पडून आहे म्हणून साहेबाने त्याला दारात काठी देऊन उभा केलाय. लोक विचारतात, गुरं कुठायत. तो बिचारा हसतो, पण मिस्त्री बाहेर आला की त्याचे डोळे बदलतात.

सगळे चिडलेत आणि सगळे येतात, कारण गावात दुसरा कोणी हे काम करणारा नाही. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "वहिनी, चापाची स्प्रिंग यायचीये." कुठून, ते सांगत नाही. मागच्या वर्षी त्याचा चष्मा फुटला तेव्हा त्याची भिंगं मी जेवणाच्या सुट्टीत घासून दिली होती, संध्याकाळी चष्मा त्याच्या नाकावर होता. ते मी त्याला बोलून दाखवलं. त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि परत घातला.

मुंगी ठीक आहे. तू तिचं नाव मुंगी ठेवलंस ते बरोबरच होतं. वाटेत काठी आडवी टाकली तरी ती वळसा घालून चालतच राहते. सकाळी गच्चीत केरसुणीचा दांडा डाव्या खांद्याला लावून उभी असते, श्वास धरून. समोरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, पोरीचं सगळं बरं आहे ना.

पुन्हा एकदा फोन कर त्याला. मी हात जोडून सांगतेय असं समज. प्रत्यक्षात जोडलेले नाहीत.


२ जुलै

आज थोडक्यात.

तू मुंगीला फोन करून कॉलेजविषयी, तिथल्या वाचनालयाविषयी आणि तुझ्या घरातून दिसणाऱ्या तळ्याविषयी बरंच काही सांगितलंस. ती जेवताना मला सांगत होती. तिचे डोळे चमकत होते, हे मी लपवत नाही. पण चाचणी तोंडावर आलेली असताना तिच्यासमोर तळं ठेवायची ही वेळ होती का? सौद्यात ते बसत नाही.

रखवालदाराला त्याची दुनळी मिळाली. आजींनाही मिळाली. नाटकवाले पिस्तूल घेऊन गेले. बाकड्यावर आता मी एकटी असते. काल मिस्त्रीला म्हटलं, "सगळ्यांचं झालं, मग आमचंच घोडं कुठे पेंड खातंय?" तो म्हणाला, "नाजूक काम आहे, वहिनी." मी आवाज चढवला. रस्त्यावरची माणसं थांबली. मी म्हटलं, "होत नसेल तर तशीच मोडकी परत द्या, मी दोरीने बांधून देईन तिला." तो म्हणाला, "उघडून ठेवलीये, तशी देता यायची नाही." मी पडद्याकडे निघाले तर तो आडवा आला. इतकी वर्षं आपल्या घरात जेवलेला माणूस, हात पसरून माझ्यासमोर उभा राहिला.

घरी आल्यावर मुंगी म्हणाली, "आई, तू नको जाऊस आता. मिस्त्रीकाका हल्ली माझ्याकडे बघत नाहीत."

"लाज वाटत असेल," मी म्हटलं.

"हो, पण कसली?"

मला तो पोरकट प्रश्न वाटला.

तू त्याला खरंच फोन केला होतास ना? एवढंच कळव.


२० जुलै

निवड झाली नाही.

तुला हे तिने फोनवर सांगितलंच असेल, पण तिने कसं सांगितलं असेल ते मला माहीत आहे. "बाबा, नाही झालं," एवढंच. म्हणून मी लिहिते. तुला कळायला हवं.

क्लबची उजव्या हाताची रायफल घेऊन ती उभी राहिली. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायला तिला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागायचा, म्हणजे अख्खं अंग हलायचं. बाकीच्या मुली नुसतं बोट हलवत होत्या. तरी पहिल्या फेरीत ती चौथी होती. संघात चौघींनाच घेणार होते. कोचबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून निळा आहे. दुसऱ्या फेरीत तिचा खांदा दुखायला लागला. मला ते मागून दिसत होतं. ती मान वाकडी करायची, परत सरळ करायची. शेवटच्या गोळ्या खाली खाली जात राहिल्या. सहावी आली.

पंच येऊन म्हणाले, "डाव्या हाताची रायफल का नाही आणली?" ती म्हणाली, "दुरुस्तीला आहे." ते म्हणाले, "अजून?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मिस्त्रीची कीर्ती लांबवर पसरलीये.

बाहेर आल्यावर ती हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाली, "आई, मी बाबांना शब्द दिलाय. मिस्त्रीकाकांना दोष देऊ नकोस. रायफल माझ्याच हातून पडली."

मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तुझ्याविरुद्ध बोलले असते, आणि तिला आता तुझ्याच घरी राहायचंय.

बुधवारी तिला गाडीत बसवते. सकाळी तिला कोणी हाक मारलेली चालत नाही, आपली आपण उठते. ताप आला तर सांगत नाही, गप्प होते. आणि तळं दाखवायला पहिल्याच दिवशी नेऊ नकोस. तिला आधी थोडं दुःख करू दे.

तू जिंकलास. माझ्याकडून तुला कोणतीही शुभेच्छा नाही.


२४ ऑगस्ट

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचायचं नाही.

गेल्या आठवड्यात तो बँकेचा रखवालदार आमच्या दुकानात चष्मा करायला आला. मी त्याच्या नाकाचं माप घेत होते. तो म्हणाला, "मुलीची रायफल मिळाली ना हो शेवटी? मस्त दिसत होती."

मी म्हटलं, "तुम्ही कुठे बघितलीत?"

"आतल्या खोलीत. माझी दुनळी न्यायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी मला नळीतून बघायला आत बोलावलं होतं. तिथे खुंटीवर होती. नवा दस्ता, चकचकीत. मी विचारलं, ही कुणाची. तर म्हणाले, एका पोरीची आहे, तयार आहे, पण अजून द्यायची नाही."

"हे कधी?"

"जून संपत आला होता तेव्हा. का, काय झालं?"

मी त्याचं माप पुरं घेतलं, वही बंद केली आणि मालकांना सांगून दुकानाबाहेर पडले. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही.

मिस्त्री काउंटरवर होता. मला बघून त्याने हातातली कानस खाली ठेवली.

"बसा, वहिनी."

"बसून बसून तुमचं बाकडं झिजवलं मी. रायफल कधी तयार झाली?"

त्याने हिरव्या कपड्यावरची धूळ झटकली.

"मिस्त्री, मी विचारतेय."

"मे संपायच्या आत."

त्याने हे इतक्या हळू सांगितलं की मला परत विचारावं लागलं. परत सांगितलं. मग मी म्हटलं, का. आणि तेव्हा मला वाटत होतं की तो म्हणेल, विसरलो. किंवा, तुमच्यावर राग होता. काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं.

"भाऊंचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाले, रायफल इतक्यात देऊ नकोस. चाचणी होऊन जाऊ दे. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, या नादात तिचं वर्ष फुकट जाईल. मी म्हटलं, भाऊ, हे काही बरं नाही. वहिनी रोज येऊन बसतात. तर भाऊ म्हणाले, तुला कोण विचारणार आहे? तू तर सगळ्यांचंच काम रखडवतोस."

हे तुझे शब्द आहेत ना? मला ते तुझ्याच आवाजात ऐकू आले. शेवटी थोडं हसलाही असशील.

मी म्हटलं, "आणि तुम्ही ऐकलंत."

"वहिनी, माझ्या दुकानाचा परवाना जात होता तेव्हा भाऊ एकटे माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. नाही कसं म्हणू?"

"पोरीला नाही म्हणालात, ते जमलं."

त्याने चष्मा काढला. बिनचष्म्याचा तो माणूस एकदम म्हातारा दिसतो. मग आत गेला आणि रायफल घेऊन आला. कापडात गुंडाळलेली, तेल दिलेली. नवा दस्ता त्याने तुझ्या मापापेक्षा आखूड केलाय, तिच्या हाताच्या मापाने. न सांगता केलंय. काम सुंदर आहे. मला ते सुंदर आहे याचाच जास्त राग आला.

आता तू ऐक. मी तुला मे महिन्यात लिहिलं, त्याला घाई करायला सांग म्हणून. तोवर तुला रायफल मोडल्याचं माहीतही नव्हतं. माझं पत्र वाचलंस आणि फोन उचललास. मी लिहिलंच नसतं तर जूनच्या आरंभी रायफल तिच्या हातात असती. म्हणजे केसाने गळा कापलास तो कापलास, आणि केस माझ्याच डोक्याचा वापरलास. वर मला लिहिलंस, धीर धर. आणि मी धरला. मी बाकड्यावर बसून आजींच्या भोपळ्यांना हसत होते आणि पडद्यामागे रायफल खुंटीला टांगलेली होती.

मुंगीला मी काही सांगितलेलं नाही. तिचा फोन येतो तेव्हा ती तुझ्याबद्दल चांगलं बोलते. काल म्हणाली, बाबा आता भाजी चिरायला शिकलेत. मी म्हटलं, वा.

तिला तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने, तिच्या समोर बसून. नोव्हेंबरात तिला सुट्टी आहे, ती इकडे येईल. त्याआधी सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल आई बाबांवर चिखल उडवतेय. आणि तू तिला तेच वाटू देशील, एवढं मी तुला ओळखते.


११ सप्टेंबर

"तिच्या भल्यासाठीच केलं. कधी ना कधी तुलाही पटेल. आता ती रमली आहे, उगाच जुनं उकरून तिचं मन का बिघडवायचं."

भलं. हा शब्द तू आपल्या घरात किती स्वस्त केला होतास ते आठवलं. माझी नोकरी सोडायला लावलीस ते माझ्या भल्यासाठी. तू निघून गेलास तेही सगळ्यांच्या भल्यासाठीच. आमचं इतकं भलं झालंय की आता आणखी सोसवत नाही.

तू सौद्यात हरायला घाबरलास. एवढंच झालं. बापाने पोरीसमोर हात पुढे करायचा आणि मागून तिची वाट अडवायची, याला शिक्षणाची काळजी म्हणत नाहीत. तुला खात्री होती की सरळ खेळली तर ती निवडली जाईल. तिच्यावर इतका विश्वास तर माझाही नव्हता.

नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. सांग तिला.


२३ डिसेंबर

तू सांगितलं नाहीस.

नोव्हेंबरात मुंगी सुट्टीला आली त्या दिवशी तिने कपाट उघडलं आणि रायफल बघितली. उचलून डाव्या खांद्याला लावली. नवा दस्ता तिला असा बसला की ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "कधी दिली त्यांनी?"

"तू गेल्यावर," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. मी तुझी वाट बघत होते, अजूनही. वाटलं, जायच्या आधी फोनवर तरी सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीचे आभार मानायला गेली. मला न सांगता. दस्ता छान झालाय म्हणून सांगायला. ती वाढताना तू इथे नव्हतास, पण ती अशी वाढलीये, हे तुला माहीत असू दे. त्या माणसाला ते आभार झेपले नाहीत. त्याने तिला सगळं सांगितलं. तुझा फोन, मी जाऊन त्याला जाब विचारला ते, सगळं. तीच मला नंतर म्हणाली, ते काउंटरवर डोकं ठेवून रडले आणि मला कळेना मी त्यांना पाणी देऊ की निघून येऊ. पाणी देऊन आली.

घरी आली तेव्हा मी कणीक मळत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, तुला कधीपासून माहीत आहे?"

मी हात धुतले. "ऑगस्टपासून."

"ऑगस्ट." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "म्हणजे मी तिथे त्यांच्याबरोबर रोज जेवत होते, आणि तुला माहीत होतं."

"त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं. मी सांगितलं असतं तर—"

"तर काय? मी तुझी झाले असते? की त्यांची नसते झाले?"

मी म्हटलं, असं नाही गं. पण ती माझ्याकडे बघत होती. तुला मी खोटारडा म्हणते, पण तेव्हा माझ्याकडेही खरं असं काही तयार नव्हतं. तू कबूल करशील, तिच्यासमोर तुझं तोंड उतरेल, आणि मग ती माझ्याकडे येईल. हे मी ऑगस्टपासून मनात किती वेळा पाहिलं, ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

मग ती जे म्हणाली ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण तुला ते पुन्हा कुठे ऐकायला मिळणार नाही.

"मी जाणारच होते बाबांकडे. एक वर्ष खेळून मग कॉलेज, हे मी आधीच ठरवलं होतं. फेब्रुवारीत स्टेशनवर तेच सांगणार होते. पण तुम्ही दोघं असे एकमेकांकडे बघत होतात की मला वाटलं, काहीतरी पैज लागल्याशिवाय तुम्ही उठणार नाही. म्हणून हात दिला. एकच वर्ष होतं आई. त्यांना एक वर्ष थांबता आलं नाही."

ती रडेल म्हणून मी थांबले. ती रडली नाही. पोळ्या मी केल्या, तिने भाजी केली आणि आम्ही जेवलो. जेवताना तिने आजींच्या भोपळ्यांची गोष्ट विचारली. मी सांगितली. ती थोडी हसलीसुद्धा. मला वाटलं, निभावलं.

त्या सोमवारी ती रायफल घेऊन क्लबात गेली. मला वाटलं सरावाला. कोचबाईंकडून कळलं की क्लबात आणखी एक डावखुरी मुलगी आली आहे, शाळकरी. मुंगीने परवान्याचे कागद क्लबच्या नावावर करायला टाकले आणि रायफल तिथे ठेवून आली. कोचबाई म्हणाल्या, "अगं, निदान एक फेरी मारून बघ, तुझ्या मापाची झालीये." ती म्हणाली, "बाई, खांद्याला लावली की मला आई-बाबा दोघं आठवतात." कोचबाईंनी हे मला सांगितलं आणि मग माझ्याकडे बघितलं नाही.

तिने कॉलेजातून नाव काढलंय. तुला तिथून कळलं असेल. दुसरीकडे कुठेतरी प्रवेश घेतलाय, सोबत काम करते, मुलींबरोबर खोली घेऊन राहते. गावाचं नाव सांगते, पुढचं काही सांगत नाही. तुला हवं होतं की तिने नेमबाजी सोडावी. सोडली. तिने शिकावं अशी तुझी इच्छा होती. शिकते आहे. तुझं सगळं झालं, फक्त त्यात तू कुठे नाहीस.

मिस्त्रीने दुकानाला कुलूप लावलंय. आजारी आहे म्हणतात. मी चौकशीला गेले नाही. जाईन असं वाटत नाही.

रविवारी तिचा फोन येतो. मी विचारते, जेवलीस का. ती म्हणते, हो. मी विचारते, थंडी आहे का तिकडे. ती म्हणते, आहे थोडी. मागच्या रविवारी मी म्हटलं, पत्ता दे, स्वेटर पाठवते. ती म्हणाली, "आई, तू बाबांना देशील."

"नाही देणार."

"मग माझ्यापासून लपवलंस तसं त्यांच्यापासून लपवशील. मला तेही नको आहे."

आवाज चढवला नाही तिने. मग म्हणाली की तिला कामावर जायचंय, आणि तब्येत सांभाळ.

तिच्या नावाने तू माझ्या पत्त्यावर पाठवलेलं जाड पाकीट मिळालं. वर लिहिलंयस, कृपया तिच्याकडे पोचवावे. मला आयुष्यात पहिल्यांदा कृपया म्हणालास. पाकीट उघडलेलं नाही. याच्यासोबत परत पाठवते आहे, कारण ते पुढे कुठे पाठवायचं, ते मलाही माहीत नाही.